वाटेत लागलेलं गाव

खोटं न बोलणारी माणसं मला मनापासून आवडत नाहीत. शाळेत मी पोरींना रोज याच्या उलट शिकवत होते, तरी सांगते. अशा माणसाच्या शेजारी राहून बघा म्हणजे कळेल. नवं लुगडं कसं दिसतं, असं चुकून विचारलंत की संपलंच. धुळ्याला आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून नाना राहत, आणि माझ्या एका चांगल्या मोरपंखी लुगड्याची त्यांनी एका वाक्यात अशी वाट लावली की मी ते पुन्हा नेसले नाही.

नाना कोर्टात कारकून होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला शपथ द्यायचं काम त्यांचं. "देवाशपथ खरं सांगेन" हे शब्द दिवसभर ते लोकांकडून वदवून घेत, आणि लोक ते म्हणून झाल्याबरोबर बिनदिक्कत खोटं बोलत. संध्याकाळी घरी आले की नाना ओट्यावर बसून कितीतरी वेळ पाय धूत बसायचे. माई, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून ओरडायच्या, "अहो, पाय शेत का पितळी भांडं?" माई नरडाण्याकडच्या. एरवी आमच्यासारखं बोलत, पण रागावल्या किंवा घाबरल्या की थेट अहिराणीवर येत, आहे-आहेतच्या जागी शे-शेत.

म्हणून नाना कुणी हरिश्चंद्र होते असं समजू नका. चारचौघांना येतात त्या अडचणी त्यांनाही येत. फरक एवढाच, की अशा वेळी ते खोटं बोलत नसत, ते खोटं खरं करून ठेवत. नको असलेला पाहुणा कोपऱ्यावर दिसला की नाना उठायचे, मागच्या दारानं बोळात जाऊन उभे राहायचे आणि तिथून सांगायचे, "आता सांग, घरी नाहीत म्हणून." माई पुढच्या दाराशी जाऊन तसं सांगायच्या. एकदा तो पाहुणा "येतीलच की" म्हणत ओसरीवर बसला, माईंना नाइलाजानं चहा टाकावा लागला, आणि नाना तेवढा वेळ बोळात भर पावसात उभे. दुसऱ्या दिवशी शिंका देत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

आणखी एक. कुणा साहेबाच्या घरी त्यांना जेवायला जायचं नव्हतं. पोट बिघडलंय असा निरोप पाठवायचं ठरलं. दुसरा कुणीही निरोप पाठवून मोकळा झाला असता. नानांनी आधी एरंडेल घेतलं, पोट खरोखर बिघडू दिलं, मग निरोप पाठवला. मी पोट धरून हसले, तर भिंतीला टेकून बसलेले नाना थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, बोलणं सोपं असतं हो. बोललो तसं वागायला मेहनत पडते."

हे सगळं गमतीचं होतं, सुमनच्या लग्नापर्यंत.

सुमन त्यांची एकुलती एक मुलगी. तिला दिली बिलिमोऱ्याला. सुरतेच्या खाली, समुद्राजवळ खाडीकाठचं गाव. व्याही मूळचे आपल्या खानदेशातलेच, तिकडे लाकडाच्या वखारीत जम बसवलेले. मुलगा मॅट्रिक पास आहे असं त्यांनी बोलणीत सांगितलं होतं. लग्न लागलं, पंगत बसली, आणि वाढता वाढता कुणाच्या तरी तोंडून निघून गेलं की मुलगा नापास आहे. दुसरा बाप असता तर गिळून गप्प बसला असता. अक्षता पडल्यावर बोलून काय मिळणार? पण नानांनी हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि भर मांडवात म्हणाले, "नापास असण्यात लाज नाही. खोटं सांगण्यात आहे. तुम्ही खोटं बोललात."

व्याही पानावरून उठले. म्हणाले, "आमच्या बोलावण्याशिवाय आमच्या दारात यायचं नाही." नानाही इरेला पेटले. म्हणाले, "तुमचं बोलावणं आल्याशिवाय लेकीसाठी म्हणून तुमची पायरी चढणार नाही. शब्द देतो."

झालं! एक खरं बोलले आणि पोरीचं माहेर तोडून बसले. मला तेव्हा नानांचा असा राग आला होता की काय सांगू. त्यांच्या खरेपणाची किंमत सुमननं का मोजायची?

आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे आखाजी म्हणतात, आणि खानदेशात लेकी आखाजीला माहेरी येतात म्हणजे येतातच. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, भांडतात, रडतात, पुन्हा झोक्यावर बसतात. न्यायला भाऊ जातो. सुमनला भाऊ नव्हता, आणि बापाचा पाय शब्दात अडकलेला. बोलावणं आलं नाही. नानांनी अंगणातल्या निंबाला झोका मात्र बांधला. आखाजीभर तो रिकामा लोंबत होता. पुढच्या वर्षीही तसाच बांधला, तसाच सोडला. माई त्या दोन्ही वेळा अंगणाच्या बाजूची खिडकी लावून घेऊन स्वयंपाक करत होत्या.

तिसऱ्या वर्षी, उन्हं तापायला लागली तेव्हा, साक्रीचा एक लाकूडवाला कोर्टात आला. बिलिमोऱ्याला त्याचं जाणं-येणं होतं. नानांना म्हणाला, "तुमची पोर दिसली. वाळलीय फार. माहेरी काही सांगायचं का म्हणून विचारलं तर म्हणाली, झोका बांधला का, एवढं विचारून या."

त्या दिवशी नानांनी पाय धुतले नाहीत. तसेच माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही भूगोल शिकवता ना? बऱ्हाणपूर ते सुरत जुना रस्ता होता म्हणतात."

"होता. बादशाही काळात सगळा व्यापार त्यावरून जायचा. आपल्याच खानदेशातून. का?"

"तो बघायचाय मला. बऱ्हाणपूरचा किल्ला, मग सुरत, मग समुद्र. मोटारीनं. समुद्र मी अजून बघितला नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी नजर जमिनीवर वळवली. "सहलीला निघालेल्या माणसाला वाटेत एखादं गाव लागू शकतं," ते म्हणाले. "त्याला काही कुणी लेकीसाठी गेलो म्हणणार नाही."

त्या दिवसापासून नानांच्या ओसरीवर चिंचोके मांडले गेले. एक बऱ्हाणपूर, एक एदलाबाद, एक भुसावळ, मग जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळं, साक्री, नवापूर, सोनगड, सुरत. समुद्र म्हणून पाण्याचा तांब्या. बिलिमोऱ्याचा चिंचोका ते मांडायचे आणि लगेच जरा बाजूला सरकवायचे, चुकून पडल्यासारखा. रोज कोर्टातून येऊन त्यांच्यापुढं बसायचे. रस्ता कुठं कच्चा, मोटार कुठं तापेल, रात्रीचा मुक्काम कुठं. माईंनी एकदा केरसुणीनं सगळा खानदेश गोळा करून उंबऱ्याबाहेर टाकला.

"लेकनी आठवण येस तर सरळ गाडीमा बसा ना! हाई बऱ्हाणपूर कसाले मधमा?"

"कारण मी तिथून आलो असं सांगणार आहे," नाना चिंचोके वेचत म्हणाले. "सांगायचं तर आधी जायला हवं."

मोटार ठरली रहीमभाईंची. पण ऐन लग्नसराई, मोटार आखाजीच्या तोंडावर मोकळी होणार, आणि नानांचा मुहूर्त त्याआधीचा निघाला. मग त्यांनी प्रस्थान ठेवलं. मुहूर्ताला स्वतःला निघता येत नसेल, तर उपरण्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून ते गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस निघाला असं धरतात. ते पुन्हा घरात न्यायचं नसतं, जाताना तिथूनच उचलायचं. नानांनी ते माझ्या कोनाड्यात ठेवलं आणि मोकळा श्वास घेतला. "आता मी निघालेला माणूस आहे, बाई," म्हणाले. त्या दिवसांत त्यांना खोकला होता. मला वाटलं, रस्त्याची धूळ अंगावर घ्यायच्या आधीच खोकतायत.

बायकांना बायकांची सोबत हवी म्हणून माईंनी मलाही मोटारीत कोंबलं. पहाटे निघालो. रहीमभाईंनी सवयीनं मोटार साक्रीच्या दिशेला वळवली, तर नाना म्हणाले, "उलटी घ्या. आधी पूर्वेला."

रहीमभाईंनी कपाळाला हात लावला. "नाना, सुरत उधर है! नाक पकडने को हाथ गर्दन के पीछे से घुमा रहे आप."

"घुमवा," नाना म्हणाले.

आखाजी जवळ येतेय, पोर तिकडे वाट बघतेय, आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून धुरळा उडवत चाललोय! माई खिडकीबाहेर बघत ओठ चावत होत्या. माझ्या तर अंगाची लाही झाली होती. त्यात जळगाव आलं आणि नानांनी मोटार थांबवायला लावली. "इथं जरा काम आहे," म्हणून गेले ते आलेच नाहीत. रस्त्याकडेला निंबाखाली बसून आम्ही ताटकळलो. आले ते हातात केळ्यांचा मोठा फणा घेऊन.

"कोठे गयथात?" माई कडाडल्या.

"केळी आणायला," नाना म्हणाले आणि सगळ्यांच्या हातात एकेक केळं दिलं. त्यांनी स्वतः खाल्लं नाही.

बऱ्हाणपूरला तापीकाठचा किल्ला त्यांनी बघितला कसा, तर साक्षीदाराच्या जबाबासारखा. हा दरवाजा बघितला, हा हमामखाना बघितला, ही नदी बघितली. एकदाही "वा" म्हणाले नाहीत. व्याह्यांसाठी जिलबी घेतली आणि मागं फिरलो. आपल्या हद्दीत शिरताना नाक्यावर दारूबंदीचा शिपाई उभा. "आत काय आहे?" एवढंच विचारलं त्यानं. दुसरा कुणी "काही नाही" म्हणाला असता. नानांनी वळकटीपासून सुरुवात केली. जिलबी ऐकल्यावर शिपायानं पुडा सोडून चव बघितली. शेवटी नाना म्हणाले, "आणि एक औषधाची बाटली."

"कसलं औषध?" हे शिपायानं नाही, माईंनी विचारलं.

"खोकल्याचं," नाना म्हणाले. शिपायानं बाटली हुंगली आणि तोंड वाकडं करून परत दिली.

पुन्हा धुळं ओलांडून साक्री, नवापूर, मग घाट, मग गुजराती पाट्या. सुरतेचा किल्ला, सुरतेची तापी. डुमसला समुद्र. त्या काळ्या वाळूवर नाना धोतर वर धरून उभे राहिले, पायाला लाट लागू दिली. मी म्हटलं, "कसा वाटला?" म्हणाले, "बघितला." त्यांचं लक्ष किनाऱ्याच्या कडेनं खाली दक्षिणेला होतं, जिकडे बिलिमोरा. आता सांगायचं ते सगळं खरं झालं होतं. आता फक्त वाटेत गाव लागायचं बाकी होतं.

गावाबाहेर मोटार थांबवून नाना उतरले आणि मोटारीला बाहेरून टांगलेल्या कापडी पिशवीतलं पाणी पोट फुगेस्तो प्यायले. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. उन्हातून आलेल्या बापापुढं पोर तांब्या घेऊन येणार, आणि "तहान नाही" असं म्हणायचं तर ती खरंच नसायला हवी. रहीमभाई बघत होते.

व्याही ओसरीत झोपाळ्यावर बसले होते. उठले नाहीत. माई आणि मी पायरीशी, नाना पुढं. दाराआड सुमन दिसली. खरंच वाळली होती. माईंनी माझा दंड असा घट्ट धरला की बोटं उमटली.

"कसं येणं केलंत?" व्याही म्हणाले. "बोलावणं तर आम्ही पाठवलं नव्हतं."

"बऱ्हाणपूरहून निघालो," नाना म्हणाले. "किल्ला बघितला. सुरत बघितली. काल समुद्र बघितला. तुमचं गाव वाटेत लागलं."

पाठ केलेलं, एकही शब्द खोटा नसलेलं. व्याह्यांनी झोपाळा पायानं थांबवला. मोठा पक्का माणूस. वखारीत बसून माणसं जोखलेली. म्हणाले, "तुम्ही कोर्टात शपथा देता ना? मग आज मी देतो. देवाशपथ सांगा, लेकीसाठी नाही आलात?"

मेले! एवढे चिंचोके, एवढा धुरळा, बऱ्हाणपूर, समुद्र, सगळं त्या एका प्रश्नात पाण्यात. "नाही" म्हटलं की काम होतं. दोन अक्षरं. म्हणा ना नाना, एकदा म्हणा, मी मनातल्या मनात ओरडत होते.

नानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"लेकीसाठीच आलो," ते म्हणाले. "शब्द मोडला मी."

व्याही काही बोलणार तोच नाना पुढं म्हणाले, "मांडवात बोललो ते खरं होतं, पण चारचौघांत तुमचा पाणउतारा करायला नको होता. ते चुकलं. आता एवढंच मागतो. डॉक्टरनं सांगितलंय, पुढची आखाजी मला दिसायची नाही. ही एक आखाजी पोरीला झोक्यावर बघू द्या. काही महिने राहू द्या माझ्याजवळ. नंतर तुमची सून तुमच्या घरी."

सुमनच्या हातातला तांब्या खाली पडला. आतून सासूबाई पुढं आल्या, नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सुमनला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? कपडे घे." व्याह्यांनी मान खाली घातली. "न्या," एवढंच म्हणाले.

मोटार गावाबाहेर पडेपर्यंत माईंनी दम धरला. मग त्यांनी पुढच्या बाकावर बसलेल्या नानांचा खांदा धरून त्यांना गदागदा हलवलं.

"खरं शे का हो? सांगा माले, खरं शे का?"

नाना मागं वळले. सुमन रडून लाल झाली होती. माईंचा चेहरा पांढराफटक. नानांनी दोघींकडे नीट बघितलं आणि चक्क हसले.

"छे! थाप मारली."

क्षणभर कुणाला कळेचना. मग माईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "जलमभर कधी खोटं बोलले नाही, आणि बोलले ते असलं अभद्र!" म्हणत त्या रडायला लागल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. सुमन त्यांच्या गळ्यात. रहीमभाईंनी स्टिअरिंगवर हात आपटला. "नाना, आज आप इन्सानों में आए!" आणि मी? मला तर गुढी उभारावीशी वाटली. शेवटी शिकला हा माणूस! आम्हा कुणाला शंका आली नाही. यायची कशी? नानांनी सांगितलं म्हणजे ते खरं, याची आम्हाला इतक्या वर्षांची सवय.

ती आखाजी मी विसरणार नाही. निंबाला झोका, झोक्यावर सुमन, आळीतल्या सगळ्या पोरी जमलेल्या. माईंनी खिडक्या सताड उघड्या टाकलेल्या. नाना ओट्यावर बसून दिवसभर बघत होते. कुणीतरी म्हणालं, नाना, तुम्हीपण बसा. तर खरंच बसले, आणि सुमननं झोका दिला. टोपी उडून पडली.

पावसाळा संपला तरी सुमन इथंच होती. अंगानं भरली. जावई मधे येऊन दोन दिवस राहून गेले, नाना त्यांच्याशी मॅट्रिक सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले. नाना मात्र उतरत चालले होते. कोर्टातून येताना मध्येच कुणाच्याही ओट्यावर टेकायचे. विचारलं की म्हणायचे, "वय झालं." तेही खरंच होतं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी घरी एकटी होते. नाना हळूहळू चालत माझ्या दारात आले. हातात उपरण्याचं गाठोडं होतं. मी लगेच ओळखलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड.

"प्रस्थान ठेवायचंय, बाई."

"आता कुठली सहल काढलीत?" मी हसून म्हटलं. "बऱ्हाणपूर तर झालं."

ते हसले नाहीत. सरळ आत आले, कोनाड्यात गाठोडं ठेवलं आणि तिथंच भिंतीला हात लावून उभे राहिले. पलीकडून माई आणि सुमनचं बोलणं ऐकू येत होतं. सुमनला दिवस गेले होते. तिला काय खावंसं वाटतं यावरून दोघींची खुसफूस चालली होती.

"त्या व्याह्याला मी थाप मारली नव्हती," नाना हळू म्हणाले. "मोटारीत मारली. माईला. तेवढी एकच."

मला जळगाव आठवलं. निंबाखालची ती वाट बघणं, ती केळी, ती बाटली. "नाना, माईंना सांगायला हवं," मी म्हटलं.

"ती विचारील पुढं कधी. तेव्हा तुम्ही खरं काय ते सांगा," ते म्हणाले. "आत्ता नको. आत्ता हसू द्या."

दारापर्यंत गेले आणि थांबले. मागं वळून म्हणाले, "थोडं विरजण द्याल का?"

मी काही न समजून वाटीत विरजण घालून दिलं. वाटी दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून तिच्यावरच नजर ठेवून, नाना पाय ओढत घरी गेले. भिंतीपलीकडून माईंचा आवाज आला.

"कोठे गयथात हो?"

"बाईंकडे," नाना म्हणाले. "विरजण आणायला."